‘व्लादा’ की ‘पोव्नोवाझेन्न्या’?

इंग्रजी दस्तऐवजात ‘ऑथॉरिटी’ आलं की युक्रेनियन अनुवादकाला आधी ठरवावं लागतं: ही सत्ता, की कुणाला नेमून दिलेला अधिकार? सत्ता म्हणजे ‘व्लादा’, नेमून दिलेला अधिकार ‘पोव्नोवाझेन्न्या’. इंग्रजी-युक्रेनियन कोशात दोन्ही शेजारीशेजारी सापडतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

व्लादा मुळात जनतेची. युक्रेनच्या १९९६ च्या राज्यघटनेचं पाचवं कलम जनतेलाच तिचा एकमेव स्रोत मानतं. पोव्नोवाझेन्न्या मात्र कायद्याने मोजूनमापून दिलेलं, म्हणून कायद्यात ते बहुधा अनेकवचनी. एकोणिसाव्या कलमात तर दोन्ही एकाच वाक्यात येतात: ‘व्लादा’ चालवणाऱ्या यंत्रणांनी आपल्या ‘पोव्नोवाझेन्न्यां’च्या मर्यादेतच वागायचं.

खासगी व्यवहारात व्लादाचं काही काम नाही. संचालकाला सहीचा अधिकार नव्हता, हे सांगताना व्लादा वापरलं तर बिचाऱ्याची गादी गेल्यासारखं वाटेल. तिथे पोव्नोवाझेन्न्याच हवं. नागरी संहितेचं कलम २४१ याबद्दलच आहे: प्रतिनिधीने अधिकार ओलांडून केलेला व्यवहार मूळ व्यक्तीने मागाहून मान्य केला, तरच तिच्यावर बंधनकारक. आपण ज्याला मुखत्यारपत्र म्हणतो त्या कागदाला आणखी तिसराच शब्द आहे, ‘दोविरेनिस्त’. त्याच्या मुळाशी विश्वास आहे, सत्ता नाही.

मराठी माणसाची अडचण थोडी वेगळी. आपला ‘अधिकार’ हक्कालाही चालतो. युक्रेनियनमध्ये हक्काला स्वतंत्र ‘प्रावो’ आहे, त्यामुळे मराठीच्या आधाराने अंदाज बांधायला गेलं की फसायला होतं.

‘कॉम्पिटंट ऑथॉरिटी’ला सहसा ‘कोम्पेतेंत्नी ओर्हान’ म्हणतात, म्हणजे सक्षम यंत्रणा. व्लादा तिथे गळूनच पडते. २०२२ मध्ये युक्रेन युरोपीय संघाचा उमेदवार देश झाला, आणि संघाच्या कायद्यांमध्ये हा शब्दप्रयोग पदोपदी भेटतो.

सगळ्यात अवघड संज्ञा प्रशासकीय न्यायसंहितेत आहे: ‘सुब्येक्त व्लादनिख पोव्नोवाझेन’, शब्दशः ‘सत्तेचे अधिकार असलेला घटक’. इथे दोन्ही शब्द एकत्र आले आहेत. तिचं इंग्रजी करताना ‘सरकारी संस्था’ एवढंच लिहिलं तर अर्थ तोकडा पडतो. कायद्याने सोपवलेलं सार्वजनिक प्रशासनाचं काम करणारी बिगरसरकारी संस्थाही तिच्यात मोडते. अशा संस्थेच्या निर्णयाला कुणी प्रशासकीय न्यायालयात आव्हान दिलं, तर निर्णय कायदेशीर होता हे सिद्ध करायची जबाबदारी त्या संस्थेवरच येते.