भरून आलेल्या मांड्या आणि दुखणारी नडगी

बऱ्याच वर्षांनी पुन्हा धावायला लागलेल्या माणसाच्या वाट्याला दोन वेगळी दुखणी येतात. एक मांड्या-पोटऱ्या भरून येण्याचं, दुसरं नडगीच्या हाडाचं. पहिलं इतकं जाणवतं की जिना उतरताना कठडा धरावा लागतो, आणि त्याला घाबरून अनेक जण चौथ्या दिवशी बूट माळ्यावर टाकतात. दुसरं सुरुवातीला बारीक असतं, म्हणून बाम चोळून माणूस रोज धावत राहतो. वागायला हवं ते याच्या नेमकं उलट.

आधी भरून येण्याबद्दल. सिंहगड पहिल्यांदा चढून-उतरून आलेल्या कुणालाही विचारा. त्या दिवशी दम लागतो तो चढताना, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या मुख्यतः उतरण्यामुळे. उतरताना मांडीचा स्नायू लांब होत असतानाच अंगाचा भार पेलत असतो, आणि अशा कामाची सवय सुटलेली असली की त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, मग आतून थोडी सूज येते. धावताना प्रत्येक पाऊल टेकताना हेच घडतं. साताऱ्याची हिल मॅरेथॉन धावणारे म्हणूनच यवतेश्वरच्या घाटात नुसता चढ नाही, उतारही सरावात घेतात.

या दुखण्याचं वेळापत्रक जवळजवळ ठरलेलं असतं. धावून आल्यावर लगेच काही वाटत नाही. बारा ते चोवीस तासांनी सुरुवात होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस होतो आणि आठवड्याच्या आत ते ओसरतं. ‘लॅक्टिक ॲसिड साचलंय’ असं मैदानावर सर्रास सांगतात, ते चूक आहे. लॅक्टेट, म्हणजे त्या ॲसिडचं शरीरातलं रूप, व्यायामानंतर साधारण तासाभरात रक्तातून निघून जातं, दोन दिवसांनी दुखवायला ते उरतच नाही. दुखतं ते मांसात, दोन्ही पायांत साधारण सारखं, दाबलं तर पसरट. खुर्चीतून उठताना नको होतं, पण दहा मिनिटं चाललं की मोकळं वाटतं. म्हणून अंथरूण धरू नका, चाला. शिवाय एकदा हा त्रास काढला की स्नायू स्वतःला सावरून घेतात, आणि पुढचे काही आठवडे तेवढ्याच धावण्याने तेवढं दुखत नाही. हे मला फार दिलासा देणारं वाटतं, आणि नव्याने सुरू करणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं.

यात एक अपवाद मात्र गंभीर आहे. पहिल्याच दिवशी ईर्षेने शेकडो बैठका मारल्या, मांड्या टम्म सुजल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर थेट रुग्णालय गाठायचं. तुटलेल्या स्नायूंतले घटक तेव्हा मूत्रपिंडावर भार टाकत असतात.

आता नडगी. हे दुखणं बहुतेकदा पहिल्या दिवशी येत नाही. काही आठवड्यांनी येतं, अगदी सगळं छान जमू लागलंय असं वाटत असताना, आणि त्याला कारण आहे. व्यायाम सुरू केल्यावर सर्वांत आधी सुधारतो दम. रक्तातला द्रवभाग काही दिवसांतच वाढू लागतो, हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, आणि दोन-तीन आठवड्यांत माणसाला वाटतं, आपण पूर्वीसारखे झालो. कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि हाडं मात्र महिन्यांच्या हिशेबाने चालतात. नवा भार आला की हाड आधी स्वतःचा जुना भाग पोखरून काढतं आणि मग नवा भरतं, रस्ता नीट करताना आधी खणतात तसं. पोखरणं काही आठवड्यांत होतं, भरून घट्ट व्हायला तीन-चार महिने जातात. म्हणजे दम सर्वांत जास्त हुरूप देतो, नेमक्या त्याच काळात हाड तात्पुरतं कच्चं असतं.

सैन्याला हे फार पूर्वीपासून माहीत आहे. ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने १८५५ मध्ये लांब संचलनानंतर सैनिकांच्या पावलांना येणाऱ्या वेदना-सुजेचं वर्णन केलं. ती हाडाची बारीक चीर असते हे क्ष-किरणांचा शोध लागल्यावर दिसलं. आपल्याकडे पोलीस भरतीची जाहिरात आली की गावोगावची मुलं-मुली पुन्हा रस्त्यावर उतरतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, वेळ थोडा, सराव पहाटे डांबरावर आणि पहिल्या दिवसापासून घड्याळ लावून. त्यांच्या नडग्या दुखतात तेव्हा ‘सवय होईल, धाव’ हा सल्ला मिळतो. भरून आलेल्या मांडीला तो लागू आहे. नडगीला तो घातक ठरू शकतो.

नडगीतही दोन पायऱ्या आहेत. हाडाच्या आतल्या कडेला, खालच्या भागात, चार-पाच बोटं किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर बहुधा ती हाडावर पडलेल्या ताणाची सुरुवात असते. तेव्हा अंतर निम्म्यावर आणा, वेग सोडा, मातीवर धावा, दिवसाआड धावा. पण दुखणं एका बोटाने दाखवता येईल इतकं एका जागी असेल, धावताना वाढतच जात असेल, त्या पायावर उडी मारवत नसेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर चीर असल्याचं धरून चाला आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ येतो, म्हणून तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. एमआरआयमध्ये ती लवकर दिसते. नडगीच्या पुढच्या कडेवर एका जागी दुखणं किंवा धावताना जांघेत खोल दुखणं, या दोन्हींत एकही दिवस वाट पाहू नये. जांघेतली चीर खुब्याच्या हाडाची असू शकते, आणि ते हाड पूर्ण मोडलं तर शस्त्रक्रिया अटळ होते.

वेदनाशामक गोळी घेऊन धावणं दोन्हींत वाईट, नडगीत जास्त, कारण थांबायला सांगणारी खूण तीच पुसून टाकते. डॉक्टरांकडे ड जीवनसत्त्वाबद्दल विचारा. मुलींनी पाळी लांबत किंवा चुकत असेल तर तेही न लाजता सांगावं. कमी खाणं, चुकणारी पाळी आणि हाडाच्या चिरा यांचा थेट संबंध आहे, आणि आपल्या घरांत हे अजून बोललं जात नाही याचं मला वाईट वाटतं.

चीर निघाली तर नडगीला बहुधा सहा ते आठ आठवडे धावणं बंद, पुढच्या कडेची असेल तर पुष्कळ जास्त. त्या काळात डॉक्टरांच्या संमतीने पोहणं किंवा सायकल चालते, त्यामुळे कमावलेला दम फारसा जात नाही. नंतर रोज अर्धा तास भरभर चालून पाहा. आठवडाभर काहीच दुखलं नाही, की एक मिनिट हलकं धावणं, दोन मिनिटं चालणं, इथून पुन्हा सुरुवात करा.