स्टुडिओचे नवे नाव आणि करड्या मॉडेलची मंजुरी

सप्रेम नमस्कार.

गुढीपाडव्यापासून इमारतींची संगणकचित्रे तयार करणारा आमचा स्टुडिओ या पत्रकाच्या माथ्यावर छापलेल्या नव्या नावाने काम करीत आहे. बँक खाते बदलले का, बिल कोणत्या नावाने येईल, अशी विचारणा रोज होते. मालकी आणि पॅन तोच असल्यामुळे जीएसटी क्रमांक बदललेला नाही, खातेही तेच आहे. बिलावर मात्र नवे नाव असेल. चालू कामांचे दर ठरल्याप्रमाणेच राहतील.

जुन्या नावात ‘रेंडर’ (संगणकाने मॉडेलवरून अंतिम चित्र तयार करणे) हा शब्द होता आणि तो आम्ही विचारपूर्वक वगळला. त्या शब्दामुळे आमचे काम म्हणजे बटण दाबून चित्र काढणे, असा समज होत असे. वास्तविक आमचे निम्म्याहून अधिक श्रम त्याआधीच्या करड्या मॉडेलमध्ये, म्हणजे संगणकावरील इमारतीच्या बिनरंगी त्रिमितीय आराखड्यात, जातात. त्यात रंग, लाकूड, काच काहीच नसते. भिंती, छज्जे, जिने, खिडक्या आणि कॅमेऱ्याच्या जागा तेवढ्या असतात. हे मॉडेल आम्ही मंजुरीसाठी पाठवतो, आणि रंगच नाहीत तर पाहायचे काय, या विचाराने पुष्कळदा ते नीट न पाहताच ‘ओके’ कळवले जाते. सर्वाधिक वेळ येथेच वाया जातो.

जिन्याच्या खिडकीची सिल (खालची कड) ९०० मिलिमीटरवरून ६०० वर आणायची आहे, असा निरोप अंतिम चित्र हाती पडल्यावर येतो. खिडकी खाली आली की पायऱ्यांवरचे ऊन सरकते, समोरच्या भिंतीवरचा उजेड बदलतो, बाहेरून ग्रिल वाढवावे लागते आणि ती खिडकी ज्या ज्या दृश्यात दिसते ते प्रत्येक दृश्य पुन्हा रेंडरला लावावे लागते. ए-थ्री आकारात ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) छापायच्या एका चित्रात सुमारे १ कोटी ७४ लाख पिक्सेल असतात आणि प्रकाशाचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. करड्या मॉडेलमध्ये हाच बदल दहा मिनिटांचा असतो.

मंजुरीनंतरच्या बदलांसाठी आम्ही वेगळे शुल्क घेतो ते यामुळेच. बांधकाम व्यावसायिकांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे : रेरा (स्थावर संपदा विनियमन व विकास) कायदा, २०१६ च्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतील चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाईची जबाबदारी प्रवर्तकावर, म्हणजे प्रकल्प उभारणाऱ्या व्यावसायिकावर, येते. ब्रोशरमधले चित्र मंजूर नकाशाशी जुळावे, हा आमचा आग्रह आपल्याच हिताचा आहे.

नव्या नावासोबत आम्ही प्रत्येक कामात करड्या मॉडेलवर अर्ध्या तासाची एक बैठक विनाशुल्क ठेवली आहे. आपल्याला येणे जमत नसेल तर लॅपटॉप घेऊन आम्ही साइटवर येऊ. नकाशा मात्र शेवटच्या सुधारणेचा असावा आणि त्यावर उत्तर दिशेची खूण असावी. तिच्याशिवाय ऊन कोणत्या खिडकीतून येते हे आम्हाला ठरवता येत नाही.