पूल वाकला नाही, म्हणजे तो भक्कम आहे का?

20 मीटर गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) काँक्रीट पुलावर मधोमध प्रत्येकी 25 टनांचे चार भरलेले ट्रक उभे केले, तर पूल किती वाकतो? दीड मीटर उंचीच्या चार टी-आकाराच्या तुळया धडधाकट असतील, तर चार मिलिमीटरच्या आसपास. भारचाचणीत, म्हणजे पुलावर ठरावीक वजन ठेवून त्याचा वाक मोजण्यात, जे काही शोधायचे, ते या चार मिलिमीटरांतच शोधायचे असते. आता उन्हाचा परिणाम पाहा. तुळईचा वरचा भाग खालच्यापेक्षा 10 अंश सेल्सिअसने जास्त तापला, तर निव्वळ उष्णतेने ती मध्यभागी तीनेक मिलिमीटर वर उचलली जाते. शून्याचे, म्हणजे रिकाम्या पुलाचे, वाचन सकाळी घेतले आणि ट्रक चढेपर्यंत ऊन तापले, तर मोजायचा बहुतेक वाक उन्हानेच खाऊन टाकला, असे होते. म्हणून चाचणी रात्री किंवा पहाटे घेतात आणि रिकाम्या पुलाची वाचने आधी व नंतर, तापमानासह, नोंदवतात.

दुसरी चूक बेअरिंगपाशी, म्हणजे तुळई ज्या उशीवर टेकते तिथे, होते. भार आल्यावर रबरी बेअरिंगही दबते. ते दबणे दोन्ही टोकांना वेगळे मोजून त्याची सरासरी मधल्या वाचनातून वजा केली नाही, तर तुळई खरोखर वाकते त्यापेक्षा जास्त वाकल्यासारखी दिसते. वाक मोजणारा डायल गेज 0.01 मिलिमीटरपर्यंत वाचणारा हवा आणि त्याचा आधार पुलाला न लागलेल्या स्वतंत्र परांचीवर हवा. काँक्रीट किती ताणले वा दबले ते मोजणारा स्ट्रेन गेज खडीच्या सर्वात मोठ्या दाण्याच्या किमान तिप्पट लांब घेतात. 20 मिलिमीटर खडी असेल तर 60 मिलिमीटरपेक्षा आखूड गेज चालत नाही, कारण तो एकाच दगडाची ताण-कहाणी सांगत बसतो.

ट्रक आणण्यापूर्वी प्रत्येक आसाचे वजन करतात. नुसते एकूण वजन पुरत नाही. चाकांच्या जागा रंगाने आखून भार चार टप्प्यांत चढवतात: 25, 50, 75 आणि 100 टक्के. प्रत्येक टप्प्याला वाचन स्थिर होईपर्यंत थांबायचे. भार आणि वाक यांचा आलेख सरळ रेषेत चालला पाहिजे. रेषा वाकू लागली, नवी भेग उघडली किंवा भार न वाढवताही वाचन सरकत राहिले, तर चाचणी तिथेच थांबवून ट्रक उलट्या क्रमाने उतरवायचे. भार उतरवल्यानंतर 24 तासांत साध्या सळईच्या काँक्रीटचा किमान 75 टक्के आणि पूर्वताणित (आतल्या केबल आधीच ताणून दाबलेल्या) काँक्रीटचा 85 टक्के वाक परत यावा, हा प्रचलित निकष.

मोजलेला वाक बहुतेक वेळा गणितापेक्षा कमीच येतो. कठडे, रस्त्याचा थर, शेजारच्या तुळयांची मदत यांचा हिशेब गणितात धरलेला नसतो. गंजून अडकलेले रोलर बेअरिंगही पुलाला आडवे धरून ठेवते आणि तो जास्त ताठर भासतो. पण हे वरकमाईचे बळ आहे. भार वाढला की अडकलेले बेअरिंग अचानक सुटते आणि ते बळ नाहीसे होते. चांगला आकडा हाती आला की हे विसरण्याचा मोह होतो, आणि तो घातक आहे.

याहून मूलभूत अडचण अशी की वाक ही संपूर्ण गाळ्याची बेरीज असते, तर ताकद एकाच सर्वात कमकुवत छेदावर, म्हणजे तुळईच्या एका आडव्या कापावर, ठरते. समजा, मध्यभागी 30 सेंटिमीटर लांबीत गंजाने सगळ्या सळयांचा छेद 20 टक्क्यांनी घटला. तिथली वाकण्याविरुद्धची ताकद जवळपास तितकीच घटते. पण एकूण वाक वाढतो फक्त एका टक्क्याच्या आसपास, म्हणजे 0.04 मिलिमीटर. इतका फरक तापमानाच्या चढउतारात सहज बुडून जातो.

पूर्वताणित पुलात हे आणखी बिकट असते. भेग पडेपर्यंत ताठरपणा काँक्रीट देते, केबल नव्हे, म्हणून काही तारा तुटल्या तरी वाक बदलत नाही. वेल्समधला यनिस-इ-ग्वास पूल 1953 मध्ये बांधला होता. 4 डिसेंबर 1985 रोजी त्यावर एकही वाहन नसताना तो कोसळला. तुळयांचे तुकडे जोडलेल्या सांध्यांतून पाणी शिरून आतल्या तारा गंजल्या होत्या. अशा पुलात आधीची भेग असेल, तर तिच्यावर आडवा गेज बसवून भेग कोणत्या भाराला उघडू लागते ते पाहतात. त्यावरून केबलमध्ये उरलेला ताण काढता येतो. माझ्या मते नुसत्या वाकाच्या आकड्यापेक्षा ही माहिती कितीतरी मोलाची.

शिअरचा, म्हणजे तुळई तिरपी कातरली जाण्याचा, धोका मध्यभागी ट्रक उभे करून कळतच नाही. त्यासाठी जड आस आधाराजवळ, तुळईच्या उंचीच्या दीड-दोन पट अंतरावर आणावे लागतात, आणि तिरप्या भेगांकडे डोळे लावून बसावे लागते. शिअरमध्ये काँक्रीट इशारा न देता तुटते. 30 सप्टेंबर 2006 रोजी कॅनडातल्या लावाल शहरात दे ला काँकॉर्ड उड्डाणपूल असाच आधाराजवळ तुटला आणि 5 जण मेले. तिथे वरच्या सळया चुकीच्या जागी बसवलेल्या होत्या आणि जाड स्लॅबमध्ये शिअरसाठी सळईच नव्हती.

त्यामुळे ट्रक बोलावण्याआधी काँक्रीटच्या आत काय आहे हे बघणे भाग असते. कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) मोजणाऱ्या कव्हर मीटरने सळईची खोली आणि जागा नकाशाशी ताडतात. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन फवारतात. गुलाबी झाले तर क्षारता शाबूत, रंग आला नाही तर हवेतला कार्बन डायऑक्साइड तिथवर पोहोचलेला. क्षारता गेलेला हा थर साधारण काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात खोल जातो: 16 वर्षांत 10 मिलिमीटर, तर 64 वर्षांत 20. सळईपाशी सामू 9 च्या खाली गेला की तिचे संरक्षक कवच जाते. गंज मूळ लोखंडाच्या 2 ते 6 पट जागा घेतो आणि कव्हर फोडतो. मिठाने होणारा गंज मात्र खड्ड्यांसारखा एका जागी खोल जातो आणि पृष्ठभागावर कधीकधी डागही उमटत नाही. त्यासाठी सळईचा विद्युतदाब मोजणारी हाफ-सेल चाचणी करतात. तांबे-मोरचूद विद्युतघटाच्या तुलनेत वाचन उणे 350 मिलिव्होल्टपेक्षाही खाली गेले, तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त धरतात. पण किती लोखंड उरले, ते या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी कव्हर फोडून, सळई घासून, व्हर्नियरने तिचा व्यास मोजावा लागतो, आणि मग तो उरलेला व्यास गणितात घालून पुलावरची वजनमर्यादा ठरते.