‘प्रतिकारक’ उंदीर: अपस्माराच्या प्रयोगांमागची जनुकीय पार्श्वभूमी

अपस्मारावरचा शोधनिबंध वाचताना ‘पद्धती’ या भागातली एक ओळ सहज नजरेतून निसटते: उंदीर कुठल्या स्ट्रेनचे, म्हणजे कुठल्या शुद्ध वंशाचे, होते? पुढचे सगळे आलेख पुष्कळदा त्या एका ओळीवर उभे असतात.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. सख्ख्या भावंडांची पिढ्यान्‌पिढ्या जुळणी करून तयार केलेला पहिला वंश, डीबीए, १९०९ मधला. सी५७ या काळ्या उंदरांचा वंश १९२१ मधला. १९४७ साली या दोघांची तुलना प्रसिद्ध झाली. कर्कश आवाज ऐकवला की डीबीएची पिल्लं सैरावैरा धावत सुटत, कोसळत, पाय ताठ होऊन बरीचशी मरतही. काळ्या उंदरांवर त्याच आवाजाचा फारसा परिणाम होत नसे. डीबीएची ही प्रवृत्ती तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोचते आणि वय वाढेल तशी ओसरते. पण शिक्के तेवढ्यावर बसले: डीबीए ‘संवेदनशील’, सी५७ ‘प्रतिकारक’.

खरा गुंता या दुसऱ्या शब्दाचा आहे. कशाला प्रतिकारक?

१९९७ मध्ये केनिक अॅसिड देऊन केलेल्या प्रयोगांनी हा प्रश्न टाळणं अशक्य केलं. हे रसायन मेंदूतल्या ग्लुटामेट ग्राहींना (चेतापेशींना उत्तेजित करणाऱ्या संदेशाचे स्वीकारक) चेतवून दीर्घ झटके आणतं आणि हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागातल्या चेतापेशी मारतं, असं तोवर गृहीत होतं. सी५७ची सर्वांत प्रचलित शाखा म्हणजे ब्लॅक-सिक्स. या उंदरांना जोरदार झटके आले, पण त्यांच्या पेशी जवळजवळ शाबूत राहिल्या. एफव्हीबी आणि १२९ या स्ट्रेनमध्ये तशाच झटक्यांनंतर पेशी मोठ्या प्रमाणात मेल्या. म्हणजे झटका येणं ही एक गोष्ट आणि झटक्याने पेशी मरणं ही निराळी. शिवाय ‘प्रतिकारक’ हा गुण पद्धतीलाही बांधलेला आहे. तेच केनिक अॅसिड थेट हिप्पोकॅम्पसमध्ये टोचलं की ब्लॅक-सिक्सच्या पेशीही मरतात. निबंधांत मात्र आवाजाने झटके न येणं, झटक्यांनी पेशी न मरणं आणि रसायन देण्याची पद्धत, या तिन्ही बाबतींत एकच विशेषण सरसकट वापरलं जात राहिलं.

याचा फटका जनुक काढून टाकलेल्या उंदरांवरच्या कामाला बसला. त्या काळी जनुकात बदल करायचा तो १२९ स्ट्रेनच्या भ्रूणीय मूलपेशींमध्ये, आणि पुढची वीण करायची ब्लॅक-सिक्सशी. अशा मिश्र संततीत पेशी मेल्या, तर दोष काढलेल्या जनुकाचा की शेजारी चिकटून आलेल्या १२९च्या डीएनएचा? एकाच पिंजऱ्यातली निरोगी भावंडं तुलनेला घेतली तरी हा शेजार सुटत नाही. त्या वर्षांतले कित्येक दावे या कसोटीवर पुन्हा तपासायला हवे होते. तितक्या कसोशीने ते तपासले गेले नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढे ब्लॅक-सिक्स आणि डीबीए यांच्या संकरातून झटक्यांच्या उंबरठ्याचा (किती उत्तेजनेला झटका येतो, त्या मर्यादेचा) माग पहिल्या गुणसूत्राच्या टोकापर्यंत गेला. २००४ मध्ये तिथल्या पोटॅशियम वाहिनीच्या (पेशीच्या आवरणातून पोटॅशियम आत-बाहेर जाऊ देणाऱ्या प्रथिनाच्या) एका जनुकाकडे बोट दाखवलं गेलं.

पण सर्वांत बोलकं उदाहरण ड्रावे सिंड्रोमचं. सोडियम वाहिनीच्या एससीएन१ए या जनुकाची एक प्रत निकामी झाली की बाळांना हा गंभीर अपस्मार होतो, हे २००१ मध्ये कळलं. हाच दोष घातलेले उंदीर २००६ पासून वापरात आले. शुद्ध १२९ वंशात हाच दोष असलेले उंदीर जवळपास धडधाकट जगतात. त्यांची ब्लॅक-सिक्सशी एकदाच वीण केली, की पहिल्याच पिढीत पिल्लांना आपोआप झटके येतात आणि अनेक पिल्लं कोवळ्या वयातच मरतात. म्हणजे ज्या वंशाला आपण ‘प्रतिकारक’ म्हणत आलो, त्याच्याच रक्ताने इथे आजार जीवघेणा केला.

कारण शोधताना पाचव्या गुणसूत्रावरचं, गॅबा या चेतापेशींना शांत करणाऱ्या रसायनाच्या ग्राहीतल्या अल्फा-२ उपघटकाचं जनुक समोर आलं. २०१९ मध्ये दिसून आलं की ब्लॅक-सिक्सच्या ‘जे’ शाखेत या जनुकाच्या इंट्रॉनमधलं (प्रथिन बनवताना वगळल्या जाणाऱ्या भागातलं) डीएनएचं एक अक्षर गळालेलं आहे आणि त्यामुळे मेंदूत हे प्रथिन कमी बनतं. ते एक अक्षर परत बसवलेल्या उंदरांशी ड्रावेच्या उंदरांची वीण केली तेव्हा संतती जास्त जगली, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. उंदराचा प्रमाण जीनोम म्हणून २००२ मध्ये वाचला गेला तो याच ‘जे’ शाखेचा. साऱ्या जगाने मोजपट्टी म्हणून धरलेल्या उंदरातच गॅबाची ही उणीव होती.

‘एन’ ही शाखा १९५१ मध्ये वेगळी झाली आणि तिच्यात हे अक्षर शाबूत आहे. पायलोकार्पिन या झटके आणणाऱ्या औषधाला ब्लॅक-सिक्सच्या उपशाखा, इतकंच नव्हे तर एकाच उपशाखेचे वेगवेगळ्या पैदासकेंद्रांतले उंदीरही, वेगवेगळा प्रतिसाद देतात, हे २००९ मध्येच दाखवलं गेलं होतं. तरीही निबंधात नुसतं ‘सी५७ ब्लॅक-सिक्स’ लिहून पुढे जायची सवय टिकली. त्यातले उंदीर ‘जे’ होते की ‘एन’, हे आता निबंध वाचून ठरवता येत नाही.