चिडाच्या रोपाला द्राक्षाचा डोस

उत्तराखंडातल्या अल्मोड्याच्या रस्त्यावर चिडाखाली, म्हणजे हिमालयातल्या पाईनखाली, पडलेल्या बिया मूठभर खिशात घालून आणल्या आणि मिरजेत गच्चीवर पिशव्यांत पेरल्या. बी सूर्यफुलाच्या बीएवढं, त्याला कागदासारखा पातळ पंख. पंधरा-वीस दिवसांत चौदा रोपं वर आली. हरभरा-भुईमुगाची दोन दळं बघायची सवय असलेल्या माणसाला ही रोपं मजेशीर वाटतात. चिडाला दळं दहा-बारा, छत्रीच्या काड्यांसारखी गोल पसरलेली, आणि डोक्यावर टरफलाची टोपी तशीच अडकलेली.

दीड महिन्यात शेंडे पिवळे पडायला लागले. मेहुणा तासगावचा, द्राक्षबागायतदार. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "दाजी, खुराक कमी पडतोय. एकोणीस-एकोणीस सोडा की लिटरला चमचाभर." सोडलं. पाचव्या दिवशी टोकं तपकिरी होऊन वाळली. नऊ रोपं उरली.

हिशेब आधी करायला हवा होता. 19:19:19 म्हणजे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) प्रत्येकी 19 टक्के. हे विद्राव्य खत लिटरला 1 ग्रॅम घातलं तर पाण्यात नत्र होतं 190 पीपीएम, म्हणजे लिटरला 190 मिलिग्रॅम. चहाचा चमचा साधारण 5 ग्रॅमचा, म्हणजे 950. सूचिपर्णी रोपांच्या वाटिकेत कोवळ्या रोपाला 50 पीपीएमच्या आसपास नत्र देतात, जोमाच्या वाढीत दीडशेपर्यंत नेतात आणि रोप बाहेर काढण्याआधी काटक करायला पुन्हा पन्नासवर आणतात. ऊस आणि द्राक्ष यांच्या मुलखात वाढलेला आमचा हात भरघोस डोसाला सरावलेला. चिडाला तो मानवत नाही.

शिवाय रोपं उपाशी नव्हतीच. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्यांना देतं, म्हणून पिवळेपणा खालून वर चढतो. माझ्या रोपांचे शेंडे पिवळे आणि खालच्या सुया हिरव्या होत्या. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण, कारण पानात एकदा बसलेलं लोह सहसा जागचं हलत नाही. गंमत म्हणजे बेसॉल्टपासून झालेल्या आपल्या काळ्या मातीत लोहाला तोटा नाही. पण चुनखडीमुळे सामू (pH) 8 च्या वर गेला की ते मुळांना मिळत नाही. वर मी बोअरचं जड पाणी घालत होतो! चिडासारख्यांना सामू साडेपाचच्या आसपास लागतो.

तशी माती चार तासांच्या रस्त्यावर आहे. महाबळेश्वरच्या पठाराखाली तोच काळा दगड, पण वर्षाला सुमारे 6000 मिलिमीटर पावसानं त्यातला चुना कधीच धुऊन नेला आणि मागे राहिला तो लोह-अॅल्युमिनियमचा तांबडा जांभा. मिरजेत पाऊस जेमतेम त्याच्या दहाव्या हिश्शाचा, म्हणून चुना जागेवरच. महाबळेश्वरजवळच्या भिलारच्या ओळखीच्या शेतातून एक पोतं तांबडी माती आणली, निम्मं कोकोपीट मिसळलं, पावसाचं पाणी पिंपात साठवलं आणि उरलेल्या बिया पेरल्या.

आता खत कोणतं? नत्र दोन रूपांत मिळतं, अमोनियम आणि नायट्रेट. शेतातली बहुतेक पिकं नायट्रेट आवडीनं घेतात. थंड, आम्लधर्मी जंगलातल्या मातीत मात्र अमोनियमचं नायट्रेट करणारे जिवाणू फारसे चालत नाहीत, आणि तिथली झाडं अमोनियमच्या ताटाला सरावलेली. 1997 साली कॅनडातल्या संशोधकांनी पांढऱ्या स्प्रूसच्या मुळांवर किरणोत्सारी नत्र वापरून हे मोजलं. त्या नत्राचं अर्धायुष्य फक्त 10 मिनिटं, त्यामुळे प्रयोग अक्षरशः धावपळीचा. दोन्ही रूपं सारखीच दिली तरी मुळांनी अमोनियम वीसपटीपर्यंत जास्त उचललं. सगळे सूचिपर्णी असे नसतात. आपण वहीत 'विद्या' म्हणून ठेवायचो त्या मोरपंखीचे काही भाऊबंद नायट्रेटवरही छान वाढतात. चिडासाठी मी अमोनियम सल्फेट निवडलं. लिटरला पाव ग्रॅम म्हणजे 50 पीपीएम, आणि जाता जाता ते सामूही थोडा उतरवतं.

19:19:19 वर माझा आणखी एक आक्षेप आहे. पोत्यावरचा मधला आकडा निव्वळ स्फुरदाचा नसतो, त्याच्या ऑक्साइडचा असतो. तो उतरवून घेतला तरी 100 भाग नत्रामागे 44 भाग स्फुरद पडतं. स्वीडनच्या टॉर्स्टन इंगेस्टाड यांनी पाईन आणि स्प्रूसच्या रोपांची गरज मोजली, ती पंधराच्या आसपास निघाली. म्हणजे तिप्पट! त्यांचा दुसरा मुद्दा मला जास्त पटतो. रोप ज्या वेगानं वाढतं त्याच वेगानं खताची मात्रा वाढवायची. दर आठवड्याला सारखाच डोस दिला तर सुरुवातीला अजीर्ण होतं आणि शेवटी उपासमार. पहिले दोन-तीन आठवडे तर बीमधल्या शिदोरीवर भागतं. तेव्हा नत्र ओतलं की मर, म्हणजे कोवळी रोपं कुजून कोलमडण्याचा रोग, लागायचीच भीती जास्त.

जादा स्फुरदाचा तोटा पैशापुरता नाही. चिडाच्या मुळांवर बुरशी राहते. ती रोपाकडून साखर घेते आणि मातीतून स्फुरद आणून देते. फुकटचं स्फुरद भरपूर मिळालं की रोप हा भागीदार सांभाळत नाही. भागीदार मुळातच नसेल तरी पंचाईत. प्वेर्तो रिकोत पाईनची रोपं वर्षानुवर्षं खुरटून मरत होती. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या पाईनखालची माती आणून मिसळली, तेव्हा ती तरारली. भिलारच्या मातीत चिडाचा भागीदार असण्याची शक्यता कमीच. चुलतभाऊ अल्मोड्याला निघाला तेव्हा त्याला चिडाखालचा पालापाचोळा ओंजळभर आणायला सांगितलं. अशा मातीबरोबर रोगही येऊ शकतात, म्हणून तो मी सहाच पिशव्यांत घातला आणि त्या वेगळ्या ठेवल्या.

पाच महिन्यांनी त्यातली एक पिशवी फाडली. मुळाच्या बारीक फांद्यांना टोकाशी दोन फाटे फुटले होते, गलोलीच्या बेचक्यासारखे, आणि त्यांवर पांढरी मखमल होती. नाकाशी धरलं तर अळिंबीचा वास आला. शेजारच्या, पालापाचोळा न घातलेल्या पिशवीतली मुळं नुसतीच तपकिरी, सरळ.