ऑनलाइन अर्जांतील ‘कंडिशनल लॉजिक’ : लपलेल्या रकान्यातील उत्तराचे काय करायचे?

प्रवेश आणि शिष्यवृत्तीच्या हंगामात सोलापुरातील सेतू केंद्रांवर आणि फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत एक तक्रार हमखास ऐकू येते : सगळे रकाने भरले, कागदपत्रे अपलोड झाली, तरी ‘सबमिट’ दाबल्यावर काहीच होत नाही. या तक्रारीचे मूळ अनेकदा नेटच्या वेगात किंवा सर्व्हरवरील ताणात शोधले जाते. ते तिथे असतेही. पण एका उत्तरावरून पुढचे रकाने उघडायचे की लपवायचे, हे ठरवणाऱ्या नियमांतही, म्हणजे ‘कंडिशनल लॉजिक’मध्येही, ते असू शकते.

छापील अर्जांतही हे नियम होतेच. ‘होय असल्यास 7 (अ) भरावे, नाही असल्यास थेट 8 कडे जावे’ किंवा ‘लागू नसेल ते खोडावे’ अशा सूचनांत अट कागदावर असे आणि ती पाळण्याचे काम अर्जदारावर. चुकून भरलेला मजकूर आडवी रेघ मारून रद्द केला जाई आणि शेजारी छोटी सही होई. त्यामुळे आधी काय लिहिले होते आणि ते आता ग्राह्य नाही, या दोन्ही गोष्टी तपासणाऱ्या कारकुनाला एकाच नजरेत कळत. 1970 च्या दशकात अमेरिकेत दूरध्वनीवरील सर्वेक्षणांसाठी प्रश्नांचा क्रम संगणक ठरवू लागला, तेव्हा अट पाळण्याचे काम माणसाकडून यंत्राकडे गेले. वेबवर ते यायला आणखी काही काळ जावा लागला. 1995 मध्ये वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेच्या 2.0 मानकात फॉर्मचा समावेश झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, पान उघडे असतानाच त्यात बदल घडवू शकणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेची घोषणा झाली. तरी सुरुवातीच्या काळात प्रत्येक फाट्यासाठी सर्व्हरकडून नवे पान मागवणे हाच सोपा मार्ग होता. 2006 मध्ये जेक्वेरी हा जावास्क्रिप्टमधील तयार कोडचा संच आल्यावर रकाना दाखवणे किंवा लपवणे एका ओळीचे काम झाले, आणि खरा गोंधळ या सोयीतूनच सुरू झाला.

वादाचा मुद्दा छोटा दिसतो. समजा, विद्यार्थ्याने ‘वसतिगृहात राहतो’ हा पर्याय निवडला, वसतिगृहाचे नाव आणि मासिक खर्च भरला, आणि मग चूक लक्षात येऊन पर्याय बदलला. खालचे रकाने नाहीसे झाले. पण त्यांतली उत्तरे राहिली की गेली? ब्राउझरपुरते उत्तर स्पष्ट आहे : नुसता नजरेआड केलेला रकाना अर्जासोबत पाठवला जातो, पाठवला जात नाही तो ‘डिसेबल्ड’ म्हणजे निष्क्रिय केलेला. फॉर्म लिहिणाऱ्याने हा फरक पाळला नाही, तर घरी राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या नोंदीत वसतिगृहाचा खर्च जाऊन बसतो. विसंगतीमुळे अर्ज परत येतो तेव्हा विद्यार्थ्याला नेमके काय दुरुस्त करायचे तेच कळत नाही, कारण दोषी रकाना त्याला दिसतच नसतो.

उत्तर तत्काळ पुसून टाकावे, असे म्हणणारा एक पक्ष आहे आणि त्याचे म्हणणे साधे असले तरी महागात पडते. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांची माहिती घेणाऱ्या कार्यकर्त्याचे बोट ‘घरी माग आहे का?’ या प्रश्नावर चुकून ‘नाही’ला लागले, तर मागांची संख्या, वीजजोड, कामगार हे सगळे त्याच कुटुंबाला पुन्हा विचारावे लागेल. याउलट, 2003 मध्ये मानक म्हणून मान्य झालेल्या एक्सफॉर्म्स या वेबफॉर्म लिहिण्याच्या पद्धतीने घेतलेला निर्णय अधिक शहाणपणाचा होता. अट लागू नसेल तर उत्तर स्मृतीत राहू द्यायचे, पण मूळ नियमानुसार पाठवायचे नाही. अट पुन्हा लागू झाली की ते जसेच्या तसे परत दाखवायचे. एक्सफॉर्म्स ब्राउझरमध्ये रुजले नाही. मात्र क्षेत्रीय सर्वेक्षणांसाठी मोबाइलवर वापरल्या जाणाऱ्या ओडीके (ओपन डेटा किट) सारख्या साधनांनी त्याचा हा विचार उचलला. तिथे लागू नसलेली उत्तरे फॉर्म अंतिम करताना गाळली जातात.

सुरुवातीला सांगितलेले मुके बटण नंतरच्या काळातले आहे. एचटीएमएल 5 ने रकाना अनिवार्य ठरवण्याची सोय थेट ब्राउझरमध्ये आणली. हे मानक 2014 मध्ये अंतिम झाले. अनिवार्य रकाना लपलेला आणि रिकामा असेल, तर ब्राउझर अर्ज अडवतो. मात्र सूचना दाखवायला त्याला जागाच सापडत नाही, म्हणून पडद्यावर काहीच उमटत नाही. चूक नोंदली जाते ती फक्त प्रोग्रामरने उघडायच्या कन्सोलमध्ये, आणि काउंटरवर बसलेल्या ऑपरेटरला त्याचा काडीचाही उपयोग नसतो.

2020 च्या टाळेबंदीत शाळा-महाविद्यालयांनी गूगल फॉर्म्सचा सढळ वापर केला. तिथे उत्तरावरून एकेक प्रश्न लपत नाही, अर्जदार थेट दुसऱ्या विभागात जातो. त्यामुळे अनेक शिक्षकांनी प्रोग्रामिंग न शिकताच फाटे फोडलेले फॉर्म बनवले. त्याआधी, 2019 मध्ये सुरू झालेल्या सातव्या आर्थिक गणनेची माहिती मोबाइल ॲपवर घेण्यात आली होती आणि 2027 ची जनगणनाही डिजिटल पद्धतीने घेण्याचे जाहीर झाले आहे. प्रश्नांची उडी आता गल्लीबोळांत, घरोघरी ठरणार आहे.

छापील प्रतीचा प्रश्न मात्र तसाच लोंबकळत आहे. अर्ज भरल्यावर प्रिंट काढून त्यावर विद्यार्थ्याची सही घ्यायची आणि ती दाखल्यांसोबत जोडायची, ही पद्धत अजूनही चालू आहे. प्रिंटमध्ये फक्त दिसणारे रकाने आणि सर्व्हरवरील नोंदीत लपलेलेही, असे झाले तर सही एका अर्जावर पडते आणि छाननी दुसऱ्याचीच होते. म्हणून पडद्यावरची अट सर्व्हरवर पुन्हा तपासून लागू नसलेली उत्तरे तिथेच बाजूला काढणे आणि प्रिंट त्या गाळलेल्या नोंदीवरूनच तयार करणे आवश्यक ठरते. कागदावरील आडव्या रेघेसारखी खूण ठेवायची असल्यास रद्द झालेले उत्तर वेगळ्या यादीत वेळेसह ठेवता येते. ही सोय मोजक्याच फॉर्ममध्ये आढळते.