दोनदा मोजलेली माणसं

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांना प्रवेशासाठी द्यायच्या जीमॅट परीक्षेच्या गणित विभागात 45 मिनिटांत 21 प्रश्न सोडवायचे असतात, तेही कॅल्क्युलेटरशिवाय. एका प्रश्नाच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटं येतात. संचांची शाब्दिक उदाहरणं तेवढ्या वेळात सहज सुटतात, कारण त्यांत बेरीज-वजाबाकी आणि थोडे शेकडे यापलीकडे फारसं काही नसतं. चूक होते ती वाचण्यात.

नववीच्या गणितात शिकलेलं सूत्र आठवा: दोन संचांची बेरीज करून त्यातून छेद (दोन्हींत असलेले) वजा केला की संयोग (निदान एकात असलेले) मिळतो. छेदातली माणसं दोन्ही याद्यांत असल्यामुळे दोनदा मोजली जातात, म्हणून ती एकदा कमी करायची. 120 जणांत 70 चहा पितात, 55 कॉफी आणि 20 जण दोन्हींपैकी काहीच पीत नाहीत. मग 70 अधिक 55 म्हणजे 125, आणि प्रत्यक्षात काहीतरी पिणारे 100. वरचे 25 हेच दोन्ही पिणारे. ते 20 जण विसरून 125 मधून थेट 120 वजा केले, तर उत्तर 5 येतं, आणि पर्यायांत हे 5 बहुधा असतंच.

इंग्रज तर्कशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1880 मध्ये मांडलेल्या वर्तुळांच्या आकृतीत हे ‘काहीच न पिणारे’ वर्तुळांबाहेर राहतात, म्हणून नजरेतून सुटतात. दोनच गुणधर्म असतील तर वर्तुळांपेक्षा तक्ता कितीतरी भरवशाचा. उभे तीन रकाने: आहे, नाही, एकूण. आडव्या ओळीही तशाच तीन. एका ओळीतले दोन आकडे कळले की तिसरा आपोआप मिळतो.

शेकड्यांच्या उदाहरणात एकूण 100 धरा. समजा, कंपनीत 60% अभियंते आहेत, अभियंत्यांपैकी 30% स्त्रिया आहेत आणि एकूण स्त्रियांपैकी 40% अभियंता आहेत. तर अभियंता नसलेले पुरुष किती? अभियंते 60, त्यांच्या 30% म्हणजे स्त्री अभियंता 18. हे 18 म्हणजे एकूण स्त्रियांच्या 40%, म्हणून स्त्रिया 45 आणि पुरुष 55. पुरुष अभियंते 42. उरले 13, म्हणजे 13%. इथे ‘अभियंत्यांपैकी 30%’ हे ‘एकूण 100 पैकी 30’ असं वाचलं, तर स्त्रिया 75 होतात, पुरुष 25 उरतात आणि त्यांत अभियंते मात्र 30! तक्त्यात उणे आकडा आला की लगेच थांबा आणि प्रत्येक ‘पैकी’च्या आधीचा शब्द पुन्हा वाचा.

तीन संच आले की वर्तुळं काढावीत. 100 वाचकांत 50 मराठी, 45 हिंदी आणि 40 इंग्रजी वृत्तपत्र वाचतात. 10 जण कुठलंच वाचत नाहीत, नेमकी दोन वाचणारे 25. तिन्ही वाचणारे किती? बेरीज 135, प्रत्यक्ष वाचक 90. नेमकी दोन वाचणारा एकदा जास्त मोजला गेलाय, तिन्ही वाचणारा दोनदा. जादा मोजणी 45, त्यातली 25 पहिल्या गटाची; उरलेल्या 20 ची निम्मी, म्हणजे 10 जण.

आता ‘नेमकी’ हा शब्द काढा. ‘मराठी आणि हिंदी वाचणारे’ म्हटलं की त्यांत इंग्रजीही वाचणारे आले. अशा तीन जोड्यांची बेरीज याच वाचकांसाठी 25 अधिक तिप्पट 10, म्हणजे 55 होते. मग तीन संचांचं सूत्र चालतं, म्हणजे तिन्हींची बेरीज, वजा जोड्यांची बेरीज, अधिक तिन्हींतले: 135 वजा 55 अधिक 10, बरोबर 90. त्याच सूत्रात 55 ऐवजी 25 घातले तर तिन्ही वाचणारे उणे 20 निघतात.

एक सापळा मात्र उणे आकड्याने उघडा पडत नाही. 100 पैकी 70 एका गटात आणि 60 दुसऱ्या गटात, एवढंच दिलं असेल तर दोन्हींत 30 जण आहेत असं म्हणता येत नाही. 30 ही किमान संख्या आहे, कमाल 60. कुठल्याच गटात नसलेले शून्य आहेत असं प्रश्नात लिहिलं असेल तरच उत्तर 30. माहिती पुरेशी आहे का, असं विचारणाऱ्या प्रश्नांत हे एक वाक्य असणं किंवा नसणं यावरच उत्तर ठरतं.